काशीला नाही गेलो

आम्ही काशीला गेलो नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की परत येताना तरी दर्शन घेऊन आले असतील.

आमच्या परभणी जिल्ह्यात पन्नाशी ओलांडलेल्या नवरा-बायकोनं बॅग भरली की लोक दोनच गोष्टी विचारतात, काशी की श्रीशैलम? आमच्या दोघांच्याही घरात शिवभक्ती पिढीजात, गळ्यात लिंग आहे, त्यामुळं आम्हाला तर कुणी विचारतही नाही, धरूनच चालतात. वालूरला माझं कटपीसचं दुकान आहे. तिथं बसून मी पहिल्यांदा 'इस्तंबूल' असं म्हटलं, तेव्हा ब्लाऊजपीस बघायला आलेल्या बाईनं विचारलं, "तिथं कोणता देव हाय?"

"देवाला न्हाई जायलो. समुद्र बघायला जायलोय."

"मंग मुंबईला न्हाई का समुद्र?"

"हाय की. पर तिथं सगळ्यांचे पाव्हणे हायेत."

ती हसली नाही. तिला वाटलं मी काहीतरी लपवतेय. लपवायचं काही नव्हतं. मला आणि ह्यांना एक दिवस तरी अशा ठिकाणी फिरायचं होतं, जिथं आमच्याकडं बघून कुणी मनात हिशेब मांडणार नाही, की ही कुणाची, तो कुणाचा, आणि या वयात कशाला.

कारण हे माझे दुसरे यजमान. पहिल्यांना मी 'ते' म्हणते आणि यांना 'हे'. ते गेले तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. दीर म्हणाले, दुकान बंद करा. मी केलं नाही. दुकानावर मुलगी शिकली, लग्न होऊन नांदेडला गेली. आणि हे गंगाखेडचे, एसटीत ड्रायव्हर होते. मी कापड आणायला परभणीला जायचे ती गाडी बरीच वर्षं यांच्याकडं होती. त्या सगळ्या वर्षांत आमचं बोलणं झालं ते "गठ्ठा नीट ठेवा" आणि "ठेवला" एवढंच. यांची बायको आजारपणात गेली हेही मला कंडक्टरकडून कळलं. मग हे रिटायर झाले, आणि पायजम्याचं कापड घ्यायला गंगाखेडहून वालूरला यायला लागले. गंगाखेडात कापडाची दुकानं नाहीत असं नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला मी म्हटलं, "एवढे पायजमे कुणाला लागत न्हाईत." हे म्हणाले, "मला बी न्हाई लागत."

लग्नाला माझी मुलगी तयार होती. यांचा मुलगा तयार नव्हता. तो शेती बघतो, ऊस आहे, बायको-मुलं आहेत, आणि त्याला गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी राणीसावरगावचे यांचे एक चुलते मध्ये पडले. म्हणाले, "बरं बाबा, करा. पर रात्रीच्याला उरकून टाकू. विधवेचा पाट रात्रीच लागतो, उजेडात न्हाई. वाजंत्री नको, मांडव नको."

मी आत चहा करत होते. तशीच गाळणी हातात घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "मी चोरी करायले का? लगीन व्हईल ते भर दुपारी. न्हाईतर व्हणार न्हाई."

ते भर दुपारी झालं. परभणीला रजिस्टर केलं आणि तसेच, गळ्यात हार घालून, आम्ही बाजारातून चालत गेलो. ह्यांनी हार काढायला हात लावला होता, मी म्हटलं राहू द्या. गांधी पार्कपर्यंत सगळ्यांनी बघितलं. बघू दे.

त्यानंतर दोन वर्षांनी मुलीनं आमचे पासपोर्ट काढून दिले आणि संभाजीनगरच्या एका टूरवाल्याकडं आमचं बुकिंग केलं.

इस्तंबूलला पोचलो ती सकाळ होती. विमानात झोप झाली नव्हती. विमानतळावरून हॉटेलकडं जाणाऱ्या बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर पुण्याच्या एक बाई होत्या, बँकेतून रिटायर झालेल्या, स्वभावानं वाईट नाहीत. त्यांनी मागं वळून विचारलं, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली हो?"

"दोन."

त्यांना वाटलं मी बेचाळीस म्हटलं आणि त्यांना नीट ऐकू आलं नाही. "किती?"

"दोन वर्सं. दोघांचं बी दुसरं हाय."

त्या "अरे वा" म्हणाल्या आणि पुढं तोंड करून बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा वळल्या. "तुमची भाषा किती गोड आहे हो. हिंदी-उर्दू मिसळलेली. मराठवाड्याकडचे ना?"

मी म्हटलं, "व्हय. अन् मिसळलेली न्हाई, आमची अशीच हाय."

ह्यांनी मला कोपर मारलं. मी खिडकीकडं बघत राहिले.

हॉटेलच्या लॉबीत टूर मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं. तरुण मुलगा, घसा बसलेला. तो म्हणाला, आज दिवसभर आराम करायचा, संध्याकाळी सगळे मिळून जेवायला जाऊ, फिरणं उद्यापासून. मग आमच्या दोघांकडं बघत म्हणाला, "विशेषतः ज्येष्ठांनी एकट्यानं बाहेर पडू नये. इथं इंग्रजीसुद्धा फार कुणाला येत नाही. हरवलात तर मला शोधत बसावं लागेल."

खोलीत आलो. आंघोळ केली, लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, कपाळाला भस्म लावलं. हे पलंगाच्या काठावर बसले. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या मधोमध रुळांवरून एक गाडी घरंगळत चालली होती, रेल्वेसारखी पण बसइतक्या रुंदीची. हे उठून खिडकीशी गेले ते तिथंच उभे राहिले.

"स्टेरिंग न्हाई त्याला," हे म्हणाले.

"जायचं का?" मी म्हटलं.

"त्यानं नको म्हटलंय."

"त्यानं ज्येष्ठांना नको म्हटलंय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बूट शोधायला लागले.

मी इरकल नेसले होते, वर स्वेटर, आणि पायात मुलीनं घेऊन दिलेले बूट. निघताना खिसेकापूंची धास्ती म्हणून ह्यांनी आपला फोन माझ्या पर्समध्ये टाकला. माझाही त्यातच. हॉटेलचं कार्ड तेवढं ह्यांच्या खिशात. ही वाटणी चुकीची आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ट्रामच्या थांब्यावर एक मशीन होतं. त्यात पैसे घातले की कार्ड येतं. ते कसं करायचं हे रांगेतल्या एका बाईनं करून दाखवलं. एकच कार्ड दोनदा टेकवून आम्ही दोघं आत गेलो. कुणीतरी लॉबीत म्हणालेलं मी ऐकलं होतं की ही ट्राम खाली समुद्रापर्यंत जाते. तेवढं पुरे होतं.

गाडी खचाखच भरलेली. हे दारापाशी उभे राहिले, मी जरा आत, दांडी धरून. दोन थांबे गेले असतील. तिसऱ्यावर एक म्हातारी उतरायला लागली. तिच्या हातात भाजीची जड पिशवी होती आणि तिचा गुडघा काही वाकत नव्हता. ह्यांनी काय करावं? आयुष्यभर एसटीत काढलेला माणूस. हे खाली उतरले, तिचा हात धरला, पिशवी घेतली, तिला फलाटावर नीट उभं केलं, पिशवी तिच्या हातात दिली. तोवर दार लागलं.

एसटीचं दार असं लागत नाही. एसटीत कुणीतरी ओरडतं, कंडक्टर बेल मारतो, ड्रायव्हर मागं बघतो. इथं कुणीच ओरडलं नाही. मी ओरडले. "ओ, थांबवा! माणूस खाली राह्यलाय!" काचेवर हात आपटले. काचेपलीकडं हे उभे, हात वर केलेला, तोंड उघडं, आणि गाडी चालली.

त्या क्षणाचं मला आजही नीट सांगता येत नाही. ते गेले तेव्हाही असंच झालं होतं. सकाळी घरातून गेलेला माणूस आणि मध्ये दवाखान्याचं काचेचं दार. शेजारच्या कुणीतरी मला बसायला जागा दिली. आणि मग, मला माहीत नाही कुठून, मला राग आला. ह्यांचा नाही, गाडीचाही नाही. असं दर वेळी दार माझ्याच तोंडावर का लागावं, याचा.

पुढच्या थांब्यावर मी उतरले.

मला वाटलं, हे मागच्या ट्रामनं येतील. बाकावर बसून बघत राहिले. एक ट्राम आली, लोक उतरले, हे नाहीत. दुसरी आली, ती इतकी भरलेली की दारातली माणसंसुद्धा आत दबलेली. हे दिसले नाहीत. तिसरी आली. नाहीत.

पर्समध्ये दोन फोन होते. माझ्या फोनमध्ये मॅनेजरचा नंबर होता. एक बटण दाबलं असतं की तो धावत आला असता. आला असता, शोधलंही असतं, आणि मग संध्याकाळच्या जेवणाला सगळ्यांसमोर "काकूंनी आज आम्हाला पळवलं" असं हसत हसत सांगितलं असतं. पुण्याच्या बाई "अगं बाई" म्हणाल्या असत्या. आणि उरलेले दिवस आम्हाला दोघांना बसच्या पहिल्या सीटवर बसवलं असतं. मी पर्सची चेन लावली.

माझ्या शेजारी बाकावर एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची असेल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात विणलेल्या मोज्यांचं गाठोडं, विकायला निघालेली. मी येणाऱ्या प्रत्येक ट्रामकडं मान वळवत होते ते तिनं बघितलं. काहीतरी विचारलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी माझ्या दुकानात येणाऱ्या मोमीनपुऱ्यातल्या बायकांशी बोलते तशी बोलले, दुसरी कोणती भाषा आठवेना.

"मेरा आदमी," मी म्हटलं आणि मागं, रुळांकडं हात केला. "उधर. पीछे."

"आदाम?" ती म्हणाली.

"हां. आदमी!"

तिनं मान हलवली. तिला कळलं. त्यांच्यातही माणसाला आदाम म्हणतात हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच समजलं की या अख्ख्या शहरात एका बाईला माझं काय हरवलंय ते कळलंय. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "साबिर. साबिर."

सबर. आमच्याकडं रोज म्हणतात. दळणाच्या रांगेत म्हणतात, नळाच्या रांगेत म्हणतात, जरा सबर करा की. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. तिनं आपल्या थर्मासमधून मला टोपणात चहा दिला. "चाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "चाय." कोरा होता, कडक. प्यायले.

चहा पिऊन डोकं चालायला लागलं. आधी रूळ ओलांडून, पलीकडच्या फलाटावरून मागच्या थांब्यावर गेले. हे तिथं नव्हते. म्हणजे हे पुढं गेले, त्या भरलेल्या ट्राममधून माझ्या समोरून गेले आणि मला दिसले नाहीत. पुढं कुठं? मी सकाळपासून समुद्र समुद्र करत होते. हे समुद्रावर गेले असणार, मी तिथं येईन म्हणून.

पुन्हा ट्राम धरली. पुढच्या थांब्यावर मोजेवाली अजून तिथंच बाकावर होती. दार उघडलं तसं मी आतूनच तिला ओरडून विचारलं, "दरिया? दरिया इधरच ना?" आणि पुढं हात केला.

"देर्या!" ती हसली, तोंडभर हसली, आणि दोन्ही हातांनी उताराकडं दाखवलं. तिनं आणखी काहीतरी दुसरा शब्द सांगितला, तो मी विसरले. दार लागलं. या वेळी मी आत होते आणि माझ्या मर्जीनं होते.

उतार संपला, गाडी वळली आणि एकदम पाणी दिसलं. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो असा, घामेजलेल्या हातानं दांडी धरून, एका माणसाला शोधत. नीट बघितलाही नाही. उतरले. पुढं हजारो माणसं. जहाजं घोगरे भोंगे वाजवत होती, मासे भाजल्याचा वास, पुलावर गळ टाकून उभी असलेली माणसं, कबुतरं, मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेले लोक. यात एक माणूस शोधायचा, आणि तो पांढरा शर्ट आणि काळी पँट घातलेला. तसे तिथं निम्मे होते.

मी एका कठड्याला टेकून उभी राहिले आणि डोळे मिटून विचार केला. हा माणूस समुद्रासाठी आला नव्हता, माझ्यासाठी आला होता. मी सापडत नाही म्हटल्यावर हा कुठं उभा राहील? लग्नानंतर आम्ही जिथं जिथं गेलो, लातूरला, सोलापूरला, मुलीकडं नांदेडला, तिथं चुकामूक झाली की हा माणूस एकाच जागी सापडतो.

मी पहिल्या दिसलेल्या पोलिसाला विचारलं, "बस स्टँड?"

त्यानं खांदे उडवले.

मी दोन्ही हातांनी मोठं स्टेरिंग फिरवून दाखवलं, तोंडानं घर्र आवाज केला. भर चौकात, नऊवारी नाही म्हणून काय झालं, इरकल नेसून, कपाळाला भस्म लावून. लोक बघत होते. बघू दे.

"ओटोब्यूस!" पोलीस म्हणाला आणि पाण्याच्या कडेनं हात केला.

तिथं बसगाड्या ओळीनं उभ्या होत्या. तिसऱ्या गाडीच्या पुढच्या दाराच्या पायरीवर एक माणूस बसला होता, हातात कमरेला बारीक असलेला काचेचा चहाचा पेला, आणि गाडीचा ड्रायव्हर, मिशीवाला, आत सीटवर बसून त्याला गियर दाखवत होता. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही मन लावून बोलत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले.

ह्यांनी वर बघितलं. पेला खाली ठेवला. तो कलंडला. उठले आणि ओरडले, "कुठं गेली हुतीस गं! जीव ऱ्हायला न्हाई माझा!"

ह्या माणसानं मला आजवर 'तू' म्हटलं नव्हतं. लग्न होऊनही आम्ही एकमेकांना तुमी-तुमीच करत होतो. या वयात तोंडात तू येत नाही, आणि लोकांसमोर तर नाहीच. मला ते ऐकून कसंतरीच झालं, पण मी इतक्या सहजासहजी ऐकून घेणार नव्हते.

"वरडायचं न्हाई," मी म्हटलं. "मी कुठंबी गेले न्हाई. मी पुढच्या थांब्यावर उतरले हुते. उतरायला नको का पुढच्या थांब्यावर? एवढी वर्सं पॅशिंजर वाहिले अन् एवढं कळंना? अन् इथं बसून चहा पिऊ लागलाव?"

"त्यानं बळं दिला," हे ड्रायव्हरकडं बोट करून म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "मी हितं येणाऱ्या परत्येक गाडीत बघायलो. तू... तुमी येताल म्हून."

"तूच म्हणा," मी म्हटलं.

त्या ड्रायव्हरनं काय समजायचं ते समजून घेतलं. त्यानं दुसरा पेला मागवला आणि माझ्यापुढं धरला. मी पायरीवर ह्यांच्या शेजारी बसले. आमच्याकडं नवरा-बायको असे रस्त्यावर अंगाला अंग लावून बसत नाहीत. मी ह्यांचा दंड धरला आणि सोडला नाही.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. टूर मॅनेजर होता. खोलीवर गेला होता, आम्ही नव्हतो.

"काकू, कुठं आहात तुम्ही? मी सांगितलं होतं ना?"

"समुद्रावर हाय."

"तुम्ही तिथंच थांबा, हलू नका, मी येतो घ्यायला."

ह्यांनी मान हलवली, म्हणजे येऊ दे त्याला. पाय दमले होते, जीव घाबरा झाला होता, आणि खोलीत पलंग होता. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. झालं तेवढं पुरे. समोर एक मोठं पांढरं जहाज धक्क्याला लागत होतं. लोक पिशव्या, पोरं घेऊन त्यात चढत होते, आपल्याकडं गंगाखेडच्या स्टँडवर चढतात तसे, रोजच्यासारखे.

"ही जहाजं कुठं जातेत?" मी ह्यांना विचारलं.

"ते काय, पलीकडं." पाण्यापलीकडं दुसरा काठ दिसत होता, घरं, झाडं, मनोरे.

मी फोनमध्ये म्हटलं, "तुमी येऊ नका. आमी पलीकडं चाललोय. जेवायला बी आमची वाट बघू नका."

"काकू, अहो, असं कसं—"

"असंच," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

जहाजातही ट्रामचंच कार्ड चालतं. आम्ही वरच्या मजल्यावर, उघड्यावर, लाकडी बाकावर बसलो. भोंगा वाजला. धक्का सरकला. समुद्रपक्षी जहाजाच्या बरोबरीनं उडत होते आणि लोक पावाचे तुकडे हवेत फेकत होते. ह्यांनीही कुणाकडून तरी एक तुकडा घेतला आणि फेकला, पक्ष्यानं वरच्या वर झेलला. हे लहान मुलासारखे माझ्याकडं वळून बघायला लागले, बघितलंस का म्हणून. आता मी समुद्र नीट बघितला. त्याचा रंग मला वाटलं होतं तसा निळा नव्हता. हिरवट होता आणि त्यात खूप ताकद होती.

वाऱ्यानं पदर डोक्यावरून गेला. मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा राहू दिला.

पलीकडच्या काठावर एका छोट्या खानावळीत आम्ही जेवलो. मांस आहे की नाही हे विचारायला शब्द नव्हते, म्हणून मालकानं मला सरळ आत, चुलीपाशी नेलं आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. एका पातेल्यात मसुरीचं दाट वरण होतं. मी बोट दाखवलं. वर लिंबू पिळून, जाड पावाबरोबर त्यांनी ते वाडग्यात दिलं. मिरची कमी होती, पण आम्ही दोघांनी दोन-दोन वाडगे घेतले. मालकानं बिलाला "हेसाप" म्हटलं तेव्हा हे मोठ्यानं हसले. म्हणाले, "हिसाबच म्हणायलाय की गं हा." 'गं' आता राहिलाच होता तोंडात.

पाण्याच्या काठाला दगडी पायऱ्या होत्या. तिथं आमच्यासारखीच जोडपी बसलेली. काही तरुण, काही चांगली म्हातारी. आम्हाला कुणी बघत नव्हतं. शेजारच्या एका माणसाला मी फोन दिला आणि फोटो काढायला सांगितलं. पाठीमागं पाणी, सूर्य खाली आलेला, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर. मी तो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला. ह्यांनी विचारलं, "सगळ्यांना दिसंल?" मी म्हटलं, "त्याच्यासाठीच टाकलाय."

मुलीनं लगेच हृदयं पाठवली. राणीसावरगावच्या चुलत्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घ्यावा. आणि थोड्या वेळात ह्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, हे काय लावलंय? लोक मला दाखवायलेत फोटो. या वयात ही काय थेरं?"

ह्यांना राग येत नाही. गाडीपुढं म्हशी आल्या तरी हे हॉर्न वाजवून थांबून राहायचे. आताही थांबले. मग म्हणाले, "आरं बाबा, आधी येळच न्हवता मिळाला. तुझी आई अन् मी, दोघं कधी परळीच्या पुढं गेलो न्हाई. तवा गाडी हुती, तू हुतास, ऊस हुता. आता येळ मिळाला तर या वयातच मिळाला. मी काय करू?"



"अन् तिला तू काहीच म्हणत न्हाईस," हे पुढं म्हणाले. "मावशी म्हण, काकू म्हण, काय बी म्हण. पर काहीतरी म्हण. नाव नसल्यासारखं बोलायचं न्हाई."

फोन कट झाला. मी तो घेऊन पर्समध्ये टाकला. समोरून जहाजं जात-येत होती. आम्ही अंधार पडायच्या आत परतीच्या जहाजात बसलो, पुन्हा ट्राममध्ये चढलो, आणि या वेळी एकमेकांची मनगटं धरून. हॉटेलच्या दारात मॅनेजर उभा होता. तो बोलायच्या आधीच पुण्याच्या बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "जहाजात बसलात म्हणे! उद्या मलाही न्या हो. दिवसभर खोलीत कंटाळा आला."

"चला की," मी म्हटलं. "पर दारापाशी उभं राहायचं न्हाई."

परत आल्यावर वालूरला जे व्हायचं ते झालं. काही बायका दुकानात येईनाशा झाल्या, काही जास्त यायला लागल्या. ह्यांचा मुलगा अजून बोलत नाही. पण मागच्या महिन्यात त्याची बायको लेकराला घेऊन दुकानात आली, फ्रॉकचं कापड घेतलं, आणि जाताना म्हणाली, "येते, मामी." तिनं तो शब्द कसा ठरवला मला माहीत नाही. मी नीट घडी घालून कापड दिलं.

तो फोटो मी मोठा करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय. लावला त्याच दिवशी आमच्या गल्लीतली एक वयस्कर बाई आत आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चांगला आलाय गं. पर पदर तरी घ्यायचा डोक्यावर. चारचौघात बसलीस."

"वारं लय हुतं," मी म्हटलं.

"तरी बी."

"अन् मला बी घ्यायचा न्हवता," मी म्हटलं आणि तिला विचारलं, कोणत्या रंगात दाखवू.